एका जोडविषयाची कुळकथा

बारावीचा निकाल लागला की सुशिक्षित घरांतून एक छोटीशी परिषद भरते. वडील, काका, शेजारचे एखादे निवृत्त गृहस्थ आणि ज्याच्यासाठी ही परिषद भरली तो विद्यार्थी, असे तिचे सभासद असतात. विद्यार्थ्याची बोलण्याची पाळी बहुधा शेवटी येते. माहितीपुस्तकातील विषयांची यादी वाचली जाते आणि तीत हल्ली एक नाव वारंवार आढळते : राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार. पदवी एक, विषय दोन. काकांचा प्रश्न ठरलेला असतो, याचा पुढे उपयोग काय? दुसरा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या दोन विषयांची गाठ पडली कशी, आणि मुळात ते वेगळे होते तरी का?

त्या नावातील ‘आणि’ हे अव्यय वाचताना सहज डोळ्यांखालून जाते. परंतु त्याच्या मागे दोन मोठी युद्धे, एका कोळसा-सम्राटाच्या नातवाचे द्रव्य आणि एका प्राध्यापकाचा हट्ट उभा आहे.

राज्य म्हणजे काय, ते कोणी चालवावे, प्रजेने त्याची आज्ञा का मानावी, हे प्रश्न फार जुने आहेत. आपल्याकडे कौटिल्याने राज्याच्या सप्तांगांत स्वामी, अमात्य, कोश यांच्या पंक्तीला मित्रही बसवला, म्हणजे शेजारच्या राजाशी असलेले नाते हेही त्याने राज्याचेच एक अंग मानले. मंडळाचा विचार त्याने राज्याच्या विचारापासून तोडला नाही. युरोपातील विद्यापीठांत मात्र निराळी वाटणी झाली. राज्याच्या अंतरंगाचा विचार तत्त्वज्ञान आणि कायदा यांच्या वाट्याला गेला. बहिरंग, म्हणजे तह, वकिलाती, युद्ध आणि संधी, हे वकिलातींतील मुरब्बी लोकांचे खासगी कसब होऊन बसले. काही थोडे आंतरराष्ट्रीय कायद्यात शिकवले जाई, काही इतिहासात. बाकीचे दालनांची दारे लावून चाले.

ही वाटणी प्रथम हलवली ती एका पराभवाने. १८७०-७१ साली प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केला. आमचे सेनापती चुकले एवढ्यावर समाधान न मानता, राज्य चालवणारा वर्गच अडाणी राहिला असे निदान एमिल बुतमी या गृहस्थांनी केले आणि १८७२ साली पॅरिसमध्ये राज्यविद्यांची एक स्वतंत्र शाळा काढली. सरकारी विद्यापीठाच्या बाहेर, खासगी वर्गणीवर ती चालली. निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना आणि अर्थव्यवहार यांच्या शेजारी बुतमींनी राजनैतिक इतिहासही बसवला आणि तो शिकवण्यासाठी आल्बेर सोरेल यांच्यासारखा इतिहासकार मिळवला. पुढे फ्रान्सच्या परराष्ट्रखात्यात शिरणाऱ्या तरुणांची ती नेहमीची वाट झाली. या शाळेचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून जॉन बर्जेस यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यालयात १८८० साली राज्यशास्त्राची शाळा उघडली. तेथे राज्यशास्त्र या शब्दाचा अर्थ भलताच ऐसपैस होता. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सारे त्याच्या छत्राखाली नांदत. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन वर्षे ज्या विद्याशाखेत अर्थशास्त्राबरोबर इतर सामाजिक शास्त्रांचाही पैस पाहिला, ती हीच. राज्याकडे सर्व बाजूंनी पाहण्याची त्यांची सवय कोलंबियातच लागली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या सवयीला तेथे खतपाणी मिळाले एवढे खास.

तरीही या दोन्ही ठिकाणी परराष्ट्रव्यवहार हा पाहुणाच होता. त्याला स्वतःचे आसन मिळाले ते एका आडबाजूच्या गावात.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथ नावाचे लहानसे बंदर आहे. सॅव्हिन नावाच्या एका आगगाडीच्या ठेकेदाराने तेथे समुद्रालगत मनोऱ्यांचे एक भव्य हॉटेल बांधायला काढले. प्रवासी आगगाडीने येतील आणि हॉटेलात राहतील असा त्याचा हिशेब. हिशेब फसला. १८६६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि अर्धवट बांधलेली इमारत रिकामी पडली. ऐंशी हजार पौंडांच्या घरात खर्च झालेली ती वास्तू वेल्सच्या शिक्षणप्रेमी लोकांनी दहा हजारांना घेतली आणि १८७२ साली, म्हणजे पॅरिसची ती शाळा निघाली त्याच वर्षी, २६ विद्यार्थ्यांनिशी तेथे कॉलेज सुरू झाले. सरकारी मदत सुरुवातीला नव्हती. १८७५ साली ऑक्टोबरातील शेवटच्या रविवारी प्रार्थनामंदिरांतून थाळी फिरली; खाणकामगारांनी आणि खेडुतांनी आपापली नाणी तीत टाकली. आपल्याकडे पैसा फंडावर कारखाना उभा राहिला, त्या जातीचीच ही गोष्ट.

या कॉलेजच्या आरंभीच्या खजिनदारांपैकी डेव्हिड डेव्हिस हे एक होते. लाकूड कापण्याच्या धंद्यातून वर आलेला हा माणूस आगगाड्या, कोळशाच्या खाणी आणि बॅरीची गोदी यांचा धनी झाला. त्यांचा नातूही डेव्हिड डेव्हिसच. हे धाकटे डेव्हिस १९०६ मध्ये पार्लमेंटात गेले, पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर पलटणीचे अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेले. खंदकांत त्यांनी जे पाहिले ते पुढे जन्मभर त्यांच्या मानेवर बसले. युद्ध संपले तेव्हा अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजातील कितीतरी मुले परत आली नव्हती.

अशा वेळी लोक संगमरवरी स्तंभ उभारतात, त्यावर नावे कोरतात. डेव्हिस आणि त्यांच्या दोघी बहिणी, ग्वेंडोलिन व मार्गारेट, यांनी १९१९ साली कॉलेजला वीस हजार पौंड दिले आणि आंतरराष्ट्रीय राजकारण या विषयाचे अध्यासन स्थापले. जगात या नावाचे हे पहिलेच अध्यासन. देणगीच्या हेतूंत स्पष्ट लिहिले होते की, राष्ट्रसंघाच्या कल्पनेमुळे उपस्थित होणाऱ्या कायदा, राजकारण, नीती आणि अर्थकारण यांतील परस्परसंबद्ध प्रश्नांचा अभ्यास येथे व्हावा आणि इतर संस्कृतींची समज वाढावी. ज्याला आज जोडपदवी म्हणतात तिचे बीज या वाक्यात आहे. देणगीदारांनी परराष्ट्रव्यवहार वेगळ्या पेटीत ठेवायला सांगितलेच नव्हते.

मात्र त्याच वाक्यात एक अडचणही होती. विषयाच्या जन्मपत्रिकेतच त्याचे कर्तव्य लिहून ठेवले गेले. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला कोणी सांगत नाही की, अमुक धातू उदात्त आहे असे तू सिद्ध कर. येथे तसे काहीसे झाले. मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ हा विषय निघाला. पुन्हा मुले मरू नयेत, हे त्याने शिकवावे अशी दात्याची इच्छा. त्या इच्छेला नावे कोण ठेवील? पण जो विषय आशेच्या पोटी जन्मला, त्याने आशा खोटी ठरत असल्याचे दिसले तर ते सांगावे की झाकावे?

पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न यांच्यापुढे हा पेच आला नाही, कारण ते स्वतःच त्या आशेचे होते. ग्रीक नगरराज्यांवरील १९११ सालच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव झाले होते. महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश परराष्ट्रखात्यात त्यांनी राष्ट्रसंघाच्या योजनेचे टाचण केले होते आणि घटनेच्या मसुद्याला त्याचा उपयोग झाला होता. अथेन्सचा नागरिक ज्या आस्थेने नगराचा कारभार पाही, तीच आस्था माणसाला जगाच्या कारभाराविषयी वाटावी, असे त्यांचे स्वप्न. राज्यशास्त्राचे सर्वात जुने सूत्र त्यांनी नव्या विषयात असे गुंफले. त्यांचा मुक्काम मात्र दोनच वर्षे टिकला. सहकाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीशी त्यांनी १९२१ मध्ये विवाह केला आणि त्या धर्मनिष्ठ गावाला ते मानवले नाही. जगाला बंधुभाव शिकवणाऱ्या अध्यासनाची पहिली अडचण अशी अगदी घरगुती निघाली.

१९२२ मध्ये अध्यासनाला अमेरिकेचे माजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव मिळाले आणि चार्ल्स वेबस्टर त्यावर आले. हे जातिवंत इतिहासकार. व्हिएन्ना येथील १८१४-१५ च्या परिषदेचा त्यांचा अभ्यास पॅरिसच्या तहपरिषदेला निघालेल्या ब्रिटिश मंडळींसाठी छापला गेला होता. दफ्तरे पाहा, तहांची कलमे वाचा, मग मत द्या, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या काळात विषयाला इतिहासाचे बूड मिळाले. अमेरिकेत, हार्वर्डलाही, ते शिकवायला जात. अध्यासनाच्या अटींतच प्रवासाची मोकळीक होती.

दरम्यान इतरत्रही हालचाल सुरू झाली होती. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र अशी तीन पेडांची पदवी वळली. लंडनच्या अर्थशास्त्र-शाळेत आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यासन १९२४ मध्ये निघाले आणि तेथील पदवीच्या विद्यार्थ्याला हा विषय विशेष म्हणून घेता येऊ लागला. वॉशिंग्टनला जॉर्जटाऊन विद्यापीठाची परराष्ट्रसेवेची शाळा १९१९ चीच. ऑक्सफर्डमध्ये १९३० साली आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यासन झाले, ते झिमर्नना मिळाले.

राज्याचे अंतरंग टाळून बहिरंग शिकवता येत नाही, याचा दाखला शोधायला त्या काळच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागले नसते. तो हिंदुस्थान होता. १९१९ च्या एप्रिलात अमृतसरला जालियनवाला बाग घडली. जूनच्या २८ तारखेला व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या आणि हा देश राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. नंतर येणाऱ्या राष्ट्रांसाठी संघाच्या घटनेने अट घातली होती की, ते पूर्ण स्वयंशासित असले पाहिजे. मूळ सभासदाला ती अट लागली नाही. म्हणजे घरात ज्याचे चालत नव्हते, त्याची खुर्ची जगाच्या पंक्तीत मांडली होती, आणि तीवर कोणी बसावे हेही घरचे लोक ठरवीत नव्हते. केवळ तह आणि ठराव वाचणाऱ्या विद्यार्थ्याला येथे एक सार्वभौम राष्ट्र दिसले असते. केवळ राज्यकारभाराचे कायदे वाचणाऱ्याला एक अंकित प्रदेश. खरे काय होते ते दोन्ही पुस्तके शेजारी उघडून ठेवल्याखेरीज कळत नाही.

१९३१ मध्ये जपानने मांचुरियात सैन्य घातले. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीने अ‍ॅबिसीनियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने आर्थिक बहिष्कार पुकारला आणि १९३६ च्या जुलैत तो गुंडाळला. वेबस्टर १९३२ मध्येच लंडनला गेले होते, त्यांच्या जागी आलेले अमेरिकन गृहस्थ जेरोम ग्रीन दोन वर्षांत परतले, आणि अध्यासन रिकामे होते. याच सुमारास नव्या प्राध्यापकाची निवड आली.

डेव्हिस आता लॉर्ड झाले होते आणि कॉलेजचे अध्यक्षही होते. राष्ट्रसंघाला दात नाहीत म्हणून तो चावत नाही, असे त्यांचे मत. आंतरराष्ट्रीय पोलीसदल आणि न्यायासन उभारल्याशिवाय शांतता टिकणार नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी १९३० मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, संस्था काढली, स्वतःची संपत्ती ओतली. आपल्या अध्यासनावर या ध्येयाचा माणूस यावा अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. निवड झाली ती एडवर्ड हॅलेट कार यांची, आणि ती डेव्हिस यांच्या मनाविरुद्ध झाली.

कार वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्रखात्यात होते. पॅरिसची तहपरिषद त्यांनी आतून पाहिली होती; रिगाच्या वकिलातीतील निवांत वर्षांत रशियन शिकून पुढे दोस्तोयेव्हस्कीचे चरित्र लिहिले होते. १९३६ च्या १४ ऑक्टोबरला त्यांनी पहिले व्याख्यान दिले, त्याचा विषय होता लोकमत हे शांततेचे रक्षक होऊ शकते काय. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरूनच दात्याला उत्तराचा अंदाज आला असावा.

१९३९ मध्ये त्यांचे ‘वीस वर्षांचे अरिष्ट’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. जुलैच्या मध्यात हस्तलिखित छापखान्यात गेले होते. ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले गेले तेव्हा मुद्रिते तपासली जात होती. दोन महायुद्धांमधील वीस वर्षांची तपासणी करणारे पुस्तक, आणि ती वीस वर्षे संपली त्याच वर्षी ते बाजारात आले. कार यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक नवे शास्त्र आरंभी इच्छेच्या आहारी असते. शिशाचे सोने करण्याच्या हव्यासातून रसायनविद्या निघाली, तसे युद्ध टाळण्याच्या इच्छेतून हे शास्त्र निघाले. इच्छा हवीच, पण वस्तुस्थितीचे पृथक्करण केल्यावाचून ते शास्त्र वयात येत नाही. सर्वांचे हित एकच असते असे जो म्हणतो, तो बहुधा सध्याच्या व्यवस्थेत सुखी असतो. ज्याचे पोट भरले आहे त्याला पंक्तीत शांतता हवी असते. झिमर्न यांच्यासारख्यांवर या पुस्तकात टीका होती. म्हणजे अध्यासनाच्या चौथ्या प्राध्यापकाने पहिल्याच्या श्रद्धेला तपासणीच्या मेजावर घेतले, आणि तेही मूळ दात्याच्या पैशावर.

कार यांचे सर्वच बरोबर होते असे मात्र नव्हे. सामर्थ्यापुढे वास्तव म्हणून झुकण्याची त्यांची तयारी इतकी होती की, १९३८ च्या म्युनिक कराराची त्यांनी भलावण केली; दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे हिटलर संपल्यावर, त्या संबंधीचा मजकूर त्यांनी बदलला. भाबडेपणाला हसणारा माणूसही एका निराळ्या प्रकारे भाबडा असू शकतो. तरी त्याच पुस्तकात त्यांनी हेही बजावले होते की, निव्वळ वास्तववाद वांझ असतो, त्याला ध्येय जन्माला घालता येत नाही. त्यांना वास्तववादी म्हणून उद्धृत करणारे पुष्कळजण हे प्रकरण वाचायचे विसरतात. पुस्तक त्यांनी अर्पण केले होते ते येणाऱ्या शांततेच्या शिल्पकारांना.

डेव्हिस आणि कार यांचे पुढे जमलेच नाही. युद्धकाळात कार ‘टाइम्स’ पत्रात अग्रलेख लिहीत आणि तेथील साहाय्यक संपादकही होते; प्राध्यापक गावात नाही आणि जे लिहितो ते अध्यासनाच्या हेतूशी विसंगत, अशी डेव्हिस यांची तक्रार. त्यांना दूर करण्याची खटपट अध्यक्षांनी केली. ती साधली नाही. ज्याने पैसा दिला, जो संस्थेचा अध्यक्ष, त्याचेही प्राध्यापकाच्या मतापुढे चालले नाही, ही गोष्ट विद्यापीठाच्या इतिहासात लहान मानू नये. आणि डेव्हिस यांच्याकडे पाहिले तर त्यांचे दुःखही लहान नव्हते. कार्डिफला त्यांनी उभारलेल्या शांतिमंदिराचे दार १९३८ च्या नोव्हेंबरात उघडले, म्युनिकनंतर दोन महिन्यांच्या आत. पहिल्या युद्धात तीन मुलगे गमावलेल्या एका मातेच्या हातून. ते स्वतः १९४४ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा मुलगा आघाडीवर मारला गेला.

कार १९४७ मध्ये अध्यासन सोडून गेले आणि सोव्हिएट रशियाच्या इतिहासात बुडाले. विषय मात्र राहिला. संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होताना सल्लागारांत वेबस्टर होते. पदवीच्या अभ्यासक्रमात राज्यशास्त्राचा इतिहास, तुलनात्मक राज्यघटना, आंतरराष्ट्रीय कायदा, राजनैतिक इतिहास आणि अर्थकारण यांची सांगड विद्यापीठामागून विद्यापीठ घालू लागले. आपल्याकडे पुण्याला १९३० मध्ये निघालेल्या गोखले संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र ही जोडी आली. परराष्ट्रव्यवहाराची स्वतंत्र शाळा दिल्लीत सप्रू हाउसमध्ये १९५५ साली निघाली आणि १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तेथील एम.ए. पदवीचे नाव कितीतरी वर्षे ‘राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विशेष विषयासह’ अशा अर्थाचे होते. आपल्या बहुतेक विद्यापीठांत बी.ए. ला आंतरराष्ट्रीय संबंध हा राज्यशास्त्राच्या पोटातील एक प्रश्नपत्रिकेपुरता विषय असे. दोहोंची नावे बरोबरीने लिहिलेली पदवी येथे त्यामानाने नवी आहे.

तेव्हा काकांच्या प्रश्नाला एक उत्तर देता येते. परराष्ट्रसेवा, वृत्तपत्र, कायदा, संशोधन, ही क्षेत्रे या वाटेवर आहेतच. पण परराष्ट्रसेवेच्या परीक्षेला कोणत्याही विषयाचा पदवीधर बसतो, त्यासाठी ही पदवी सक्तीची नाही, हे घरच्या परिषदेत आधीच सांगितलेले बरे. या पदवीत विद्यार्थ्याला तीन वर्षे मिळतात ती मुख्यतः दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवण्याची सवय लागण्यासाठी. एखाद्या देशाने सीमेवर सैन्य का आणले हे विचारताना त्या देशात निवडणूक केव्हा आहे, धान्याचा भाव काय आहे, सेनापती कोणाला जबाबदार आहे, हे त्याने विचारावे. आणि एखाद्या देशाची घटना वाचताना ती लिहिली गेली तेव्हा शेजारी कोण दबा धरून बसले होते, तेही पाहावे.

अ‍ॅबरिस्टविथचा तो विभाग २०१९ मध्ये शंभर वर्षांचा झाला. डेव्हिस यांच्या स्मरणार्थ १९५१ साली लंडनला निघालेली अभ्याससंस्था २००२ पासून तेथेच नांदते आहे. कार यांच्या नावाची स्मृतिव्याख्यानेही, १९८४ पासून, त्याच विभागात होतात.